घरचं चायनीज आणि बाटलीतलं मीठ

संध्याकाळी सातच्या सुमाराला रंकाळ्यावर फेरी मारून घराकडे वळलं, की वाटेत एक वास हमखास आडवा येतो. मोठ्या आचेवर करपत आलेला लसूण, त्यावर पडलेला कोबी आणि वरून शिंपडलेलं काळं सॉस यांचा तो वास. कोल्हापूरची ओळख बाहेरगावी तांबड्या-पांढऱ्या रश्शाची आणि मिसळीची. पण संध्याकाळी आपली पोरं कुठं उभी असतात, ते बघा. लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेल्या गाडीभोवती. मंच्युरियन, ट्रिपल राईस, शेजवान नूडल्स आणि चायनीज भेळ ही नावं त्यांना पुरणपोळीच्या आधी पाठ होतात.

आमच्या घरीही तेच होतं. दर शनिवारी नातू आणि त्याचे आजोबा मिळून गाडीवर जायचे आणि दोन पार्सलं घेऊन यायचे. सूनबाई नोकरीवरून दमून आलेली असायची, मलाही एक दिवस सुट्टी. सगळेच खूश. मग तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं रक्तदाब तपासणीत वर निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, चालायला सांगितलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं, “आजपासून गाडीवरचं बंद. जे पाहिजे ते मी घरी करीन.”

आज मी सांगणार आहे ती या जाहीरनाम्याची गोष्ट. कारण त्यात माझी एक मोठी चूक झाली, आणि ती चूक बऱ्याच घरांत होत असावी असं मला वाटतं.

मी बाजारात गेले. सोया सॉस, चिली सॉस, टोमॅटो सॉस, शेजवान चटणी अशा चार बाटल्या आणल्या. मंच्युरियन मसाल्याची पाकिटं आणली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं. रंग यावा म्हणून सोया सॉसचे चार मोठे चमचे घातले, सवयीप्रमाणे वरून चमचाभर मीठही घातलं. गोळे शुद्ध, नव्या तेलात तळले. नातू म्हणाला, “आज्जी, नाद खुळा! गाडीवरच्यासारखंच झालंय.” मला कोण आनंद झाला! मग काय, शनिवारबरोबर बुधवारही सुरू झाला. घरचंच आहे, खाऊ देत, असं म्हणत मी वाढत होते.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रक्तदाब जागचा हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “काकू, मीठ कमी केलंय ना?” मी म्हटलं, “आमटीत, भाजीत सगळीकडं कमी केलंय. बाहेरचं तर पूर्ण बंद आहे.” ते म्हणाले, “मग घरी बाटल्यांतून काय काय येतंय तेवढं बघा.”

घरी येऊन चष्मा लावला आणि सोया सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. तिथं मीठ असं लिहिलेलं नसतं, सोडियम असं लिहिलेलं असतं, आणि ते मिलिग्रॅममध्ये. हिशेब सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत सगळं आलं.

आता माझ्या मंच्युरियनचा हिशेब करा. सोया सॉसचे चार चमचे म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. वरचं चमचाभर मीठ पाच ग्रॅम. झाले चौदा. खाणारी माणसं चार. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन ग्रॅम, आणि यात चिली सॉस, शेजवान चटणी आणि पाकिटातला मसाला धरलेलाच नाही. दिवसभराचं बहुतेक मीठ मी एका वाटीत वाढत होते आणि वर ‘घरचं आहे’ म्हणून आग्रह करत होते.

यात सोया सॉसचा दोष नाही. खरं सोया सॉस सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून करतात. मीठ नसेल तर ते टिकणारच नाही. आपल्या लोणच्यासारखंच ते आहे. पण आपण लोणचं आमटीच्या वाटीनं खात नाही, बोटानं चाखतो. सॉसचंही तसंच करायला हवं होतं.

तिथून मी या विषयाच्या मागे लागले. पहिली गोष्ट कळली ती अशी, की ज्याला आपण सगळेच शिव्या देतो ते अजिनोमोटो यातला मुख्य गुन्हेगार नाही. १९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सुपाला कशामुळे चव येते ते शोधलं. तो पदार्थ म्हणजे ग्लुटामेट. पुढच्याच वर्षी तो अजिनोमोटो या नावानं बाजारात आला. या जपानी नावाचा अर्थ साधारण ‘चवीचं सार’ असा होतो. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा आणि धडधड जाणवते, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्याची जी संभाव्य कारणं दिली होती त्यात हेही होतं. तेव्हापासून त्याचं नाव खराब झालं. पुढं लोकांना न सांगता देऊन तपासलं, तेव्हा नेहमीच्या प्रमाणात त्याचा तसा ठाम, सातत्यानं दिसणारा त्रास आढळला नाही. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, अळिंबीत असतं. मी घरी अजिनोमोटो वापरत नाही, कारण लागत नाही. पण नुसतं ते काढून टाकलं आणि चार चमचे सॉस तसंच ठेवलं, तर आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असं होतं.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ती मात्र खरोखर काळजीची. आपल्याकडं कागल ओलांडलं की पुढं कर्नाटक. तिथल्या सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासणीसाठी मंच्युरियनचे १७१ नमुने घेतले होते, त्यांतल्या १०७ नमुन्यांत असे रंग सापडले. त्याच वेळी साखरेच्या कापसातही रोडामाइन-बी सापडलं. हा कापड वगैरे रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला कुठंही परवानगी नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा पालिकेनं गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवरच बंदी घालायचं ठरवलं होतं.

सगळ्या गाड्या अशाच असतात असं मी म्हणणार नाही. आचेसमोर चार-पाच तास उभी राहणारी ती मुलंही आपल्यातलीच आहेत, आणि लाल दिसल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही हे त्यांना आपणच शिकवलंय. पण मला विचारायचंय ते असं, की कोल्हापूरच्या माणसाला लाल रंगासाठी डबीतली पूड कशाला हवी? आपल्या घरात ब्याडगी मिरची असते. रंगाला भडक, तिखटाला मऊ. तांबड्या रश्शाला आपण रंग आणतो तो काय बाटलीतून?

तिसरी गोष्ट तेलाची. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात नको ते घटक साठत जातात. त्यावर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. असे घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणाला वापरता येत नाही. गाडीवर ते कोण मोजणार, हा प्रश्न आहेच. पण आपणही तळणाचं उरलेलं तेल डब्यात गाळून ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात त्यातच भजी काढतो. तेव्हा गाडीकडं बोट दाखवताना थोडं स्वतःकडंही वळवावं.

हे सगळं कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सॉस बंद, तळण बंद, मीठ बंद. उकडलेले कोबीचे गोळे पातळ रश्शात सोडले. नातवानं एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. म्हणाला, “आज्जी, हे आजारी माणसाचं आहे का?” त्याचे आजोबा काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळानं दोघं ‘पाय मोकळे करायला’ म्हणून बाहेर पडले. परत आले तेव्हा दोघांच्याही कपड्यांना लसणाचा वास येत होता. पौष्टिक म्हणून केलेलं कुणी खाल्लंच नाही, तर त्याचा उपयोग काय? तेव्हा ठरवलं, की चव कुठून येते ते आधी समजून घ्यायचं, मग काय कमी करायचं ते ठरवायचं.

गाडीसमोर उभी राहिले आणि नुसतं बघितलं. तिथली चव येते ती मोठ्या आचेतून. कढई एवढी तापलेली असते, की भाजीला पाणी सुटायच्या आत ती परतून होते. आपल्या घरच्या गॅसची आच त्यामानानं मंद. आपण चार माणसांची भाजी एकदम कढईत टाकतो, कढई निवते, कोबीला पाणी सुटतं, सगळं उकडल्यासारखं होतं. मग चव नाही म्हणून सॉस ओतायचं. म्हणजे आचेची उणीव आपण मिठानं भरून काढतो.

त्यावर उपाय सोपा आहे. लोखंडी कढई धूर यायच्या बेतात येईपर्यंत तापवायची. दोन चमचे तेल, त्यात बारीक चिरलेला भरपूर लसूण आणि आलं. भाजी एकदम न घालता दोन घाण्यांत परतायची. कोबी, गाजर, ढबू मिरची, घेवडा, सगळं पातळ, उभं आणि कोरडं. धुतलेली भाजी फडक्यावर पसरून कोरडी करून घेतली, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. मीठ परतताना घालायचं नाही, त्यानं पाणी सुटतं. सॉस सगळ्यात शेवटी, कढईच्या कडेनं सोडायचं, म्हणजे ते तापलेल्या लोखंडावर चरचरतं आणि थोडक्यात वास भरून राहतो. चार माणसांना एकच मोठा चमचा पुरतो. तो बाटलीतून ओतायचा नाही, चमच्यानं मोजायचा. वरून व्हिनेगर किंवा लिंबू. आंबटपणा असला की जीभ मीठ मागत नाही, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

मंच्युरियनच्या गोळ्यांसाठी मला अप्पेपात्र सापडलं. दोन वाट्या किसलेला कोबी घट्ट पिळून घ्यायचा, त्यात अर्धी वाटी गाजर, मूठभर पातीचा कांदा, अर्धी वाटी कुस्करलेलं पनीर, आलं-लसूण-मिरची आणि पाव चमचा मीठ. बांधायला दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि लागेल तसं ज्वारीचं पीठ. बेसन घालू नका, भज्याची चव येते. प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता कुरकुरीत होऊ द्यायचे. तळलेल्यासारखे ते होत नाहीत, हे आधीच कबूल करते. पण रश्शात पडल्यावर फरक फार कळत नाही. रस्सा पिळलेल्या कोबीच्या पाण्यातच करायचा. त्यात एक पिकलेला टोमॅटो किसून घालायचा, वर सांगितलेलं ग्लुटामेट त्यातूनच मिळतं. आता मिठाचा हिशेब पुन्हा करा. सॉसमधलं दोन-सव्वादोन ग्रॅम, गोळ्यांतलं सव्वा ग्रॅम. चौघांत वाटलं, तर माणशी एक ग्रॅमच्या आत.

शेजवान चटणीची मात्र गंमत आहे. हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलं. तिथल्या जेवणाची खूण म्हणजे एक प्रकारचे मिरे. त्यांनी जिभेला झिणझिण्या येतात. आपल्या बाटलीतल्या शेजवान चटणीत ते बहुधा नसतातच. पण त्या मिऱ्यांचं एक भावंड आपल्याकडं घाट उतरला की मिळतं. ते म्हणजे तिरफळ. कोकणात बांगड्याच्या कालवणात घालतात तेच. दोन्ही झाडं वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच गटातली. तेव्हा मी पंधरा ब्याडगी मिरच्या आणि तिखटपणासाठी चार संकेश्वरी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात भिजवते आणि वाटते. तीन चमचे तेलात पंधरा-वीस लसणीच्या पाकळ्या आणि आलं बारीक चिरून परतते, त्यात हे वाटण तेल सुटेपर्यंत शिजवते. अर्धा चमचा मीठ, एक चमचा व्हिनेगर, सुपारीएवढा कोल्हापुरी गूळ, आणि शेवटी दोन तिरफळं, आतली काळी बी काढून, फक्त टरफल ठेचून. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. लागते बाटलीपेक्षा चांगली, आणि ज्या चवीचं नाव घेतो तिच्या एक पाऊल जवळही जाते.

फ्राईड राईस म्हणजे शेवटी फोडणीचा भातच. शिळा, मोकळा भात त्याला चांगला. आजरा घनसाळ किंवा इंद्रायणी नको, तो चिकट होतो. पण शिळ्या भाताबद्दल एक सावधगिरी. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात एक जिवाणू वाढतो, आणि तो जे विष तयार करतो ते नंतर परतूनही जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राईड राईस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हे प्रकरण उजेडात आलं. म्हणून भात ताटात पसरून लवकर गार करायचा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. आणि प्रमाण उलटं करायचं. दोन वाट्या भाताला वाटीभर भाजी नाही, दोन वाट्या भाजीला वाटीभर भात. अंडं फोडून घातलं तर पोटही भरतं.

नूडल्ससाठी मी उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया वापरते. त्या लवकर मऊ होतात, म्हणून उकळत्या पाण्यात जेमतेम दोन मिनिटं, लगेच चाळणीत ओतून गार पाणी आणि तेलाचा हात. आणि चायनीज भेळेत तळलेल्या नूडल्सऐवजी भाजलेले चुरमुरे घातले. नातू म्हणाला, “आज्जी, ही तर भेळच झाली की!” मी म्हटलं, “मग तुला काय वाटत होतं?”

तसं बघितलं तर मंच्युरियन तरी चीनचं कुठं आहे? मांचुरियात असा पदार्थ नाही. कोलकत्यात जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये स्वयंपाक करताना तो केला, असं सांगतात. गिऱ्हाइकांनी काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आपल्याच आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातलं आणि कॉर्नफ्लोअर लावलं. म्हणजे हा पदार्थ जन्मापासून इथल्या जिभेसाठी बदललेला आहे. मग आपण तो आपल्या तब्येतीसाठी आणखी थोडा बदलला, तर कुठं बिघडलं?

एक सूचना रक्तदाबवाल्यांसाठी. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा काही विशिष्ट गोळ्या सुरू आहेत, त्यांना ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आमच्या ह्यांचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. त्याचं श्रेय गोळीला आहे, रंकाळ्याच्या फेऱ्यांना आहे, आणि थोडं त्या मोजायच्या चमच्यालाही आहे. गाडी आम्ही पूर्ण सोडली नाही. दोन महिन्यांतून एकदा तिघं जातो, एक प्लेट तिघांत खातो. बाकी शनिवारी अप्पेपात्र बाहेर निघतं. परवा माझे हात पिठात होते, म्हणून नातवाला म्हटलं, सॉस तू घाल. त्यानं बाटली उचलली, उलटी करायच्या आधी थांबला आणि विचारलं, “आज्जी, चमचा कुठाय?”

मला वाटतं, त्या दिवशीचं मंच्युरियन सगळ्यात चांगलं झालं होतं.